परतायला मटण-चिकनच्या जागी काय घ्यायचं? आधी त्यातलं पाणी बघा

आमच्याकडे कुडाळला जूनपासून ताज्या मासळीची पंचाईत सुरू होते, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग त्याला लागूनच श्रावण, म्हणजे धरून चाला अडीच-तीन महिने घरात मासे-मटण कमीच. त्यात माझी पुतणी दोन वर्षांपासून दूध-तूपसुद्धा खात नाही आणि सुट्टीत आली की तिला गाडीवरच्या चिलीसारखं काहीतरी चमचमीत, कोरडं, कढईत झटपट परतलेलं हवं असतं. तिच्यासाठी म्हणून सुरुवात केली आणि आता घरात सगळेच मागतात. या दोन वर्षांत सोया, टोफू (म्हणजे सोयाचं पनीर), कुयरी (म्हणजे कोवळा कच्चा फणस), मशरूम, गव्हाचं ग्लूटेन, फ्रोझन पाकिटं असं सगळं करून झालं, काही जमलं, काही सरळ टाकून द्यावं लागलं, तर ज्यांना हे नव्याने करायचंय त्यांच्यासाठी सगळं एकदा नीट लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. दुकानात उभं राहून आपण पाकिटावरचं प्रोटीन वाचतो, पण परतायच्या पदार्थासाठी पहिला प्रश्न पाण्याचा. त्या वस्तूत पाणी किती आहे आणि ते तुम्हाला काढता येतं का? कढईत पाणी आहे तोवर त्या तुकड्याचं अंग १०० डिग्रीच्या वर जातच नाही, आणि आपल्याला जो खरपूस तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास हवा असतो तो साधारण १४० डिग्रीच्या पुढे चांगला यायला लागतो. म्हणजे ओला टोफू मोठ्या आचेवर टाकला तरी तो उकडतो, भाजत नाही. आणि आपला कोकणातला हात नेमका उलट्या पद्धतीला सरावलेला आहे, आपण सुकं करताना वाटण लावतो, वर ताट ठेवतो, ताटात पाणी ओततो आणि वाफेवर शिजवतो. मटणाला ते उत्तम, पण परतायच्या कढईवर झाकण ठेवायचंच नाही. माझे पहिले दोन-तीन प्रयत्न याच सवयीमुळे फसले, सोया चिली म्हणून जे ताटात आलं ती सोयाची पातळ भाजी होती.

आधी ठरवा, कशाच्या जागी घालताय

"मटणाला पर्याय" असं एकच काही नसतं. तुम्हाला चिकन चिलीसारखे चावायला लागणारे तुकडे हवेत, की सुक्या मटणासारख्या धाग्याधाग्यांच्या फोडी हव्यात, की तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, परतल्यासारखं मऊ, रसाळ काहीतरी हवं? चावायला लागणारं हवं तर सोया किंवा ग्लूटेन. धागे हवेत तर फणसाची कुयरी. मऊ आणि रसाळ हवं तर मशरूम. बाहेरून कुरकुरीत आणि आतून नरम हवं तर टोफू. आणि जेवणातलं प्रोटीन भरून काढायचं असेल तर कुयरी आणि मशरूम बाजूला ठेवा, कारण कोरड्या सोयामध्ये १०० ग्रॅमला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन असतं आणि कुयरी-मशरूममध्ये १०० ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच्या आसपास. कुयरी केलीत तर सोबत कडव्या वालाचं बिरडं नाहीतर चण्याची उसळ करा.

सोया, म्हणजे सोयावडी

नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं, कोरडं असल्यामुळे पावसात लाइट गेली तरी काही बिघडत नाही. सोयाबीनचं तेल काढून घेतल्यावर जे पीठ उरतं त्याच्यापासून हे मशीनमध्ये दाब आणि उष्णता देऊन फुगवलेलं असतं, म्हणून आतून स्पंजासारखं जाळीदार होतं. हा स्पंज हीच त्याची ताकद आणि हीच अडचण, जे द्याल ते पितो, पाणी दिलं तर पाणी, मसाला दिला तर मसाला.

घेताना लहान आकाराच्या वड्या घ्या, मिनी म्हणून मिळतात त्या. मोठ्या वड्या रश्शाला बऱ्या, परतायला घेतल्या तर मधे पांढरा फिका गाभा राहतो, मोठ्याच मिळाल्या तर भिजवल्यावर हाताने फाडून दोन-तीन तुकडे करा, सुरीने कापू नका, फाडलेल्या खडबडीत कडांना मसाला जास्त धरतो आणि त्या खरपूसही होतात. दाणेदार सोया खिम्याला ठेवा. सुटं मिळत असेल तर वास घेऊन बघा, जुनं झालं की खवट वास येतो आणि तो कितीही धुतला तरी जात नाही.

चार माणसांना १०० ते १२० ग्रॅम कोरडं सोया पुरतं, भिजून पिळल्यावर त्याचं अडीच-तीनशे ग्रॅम होतं. पाण्याला मीठ घालून खळखळ उकळा, गॅस बंद करून वड्या टाका, १० मिनिटं. मग गार पाण्यात काढा, दोन्ही तळहातात धरून घट्ट पिळा. परत गार पाणी, परत पिळा. असं तीनदा करा. लोकांना जो सोयाचा "तसला" वास आवडत नाही तो याच पाण्यातून निघून जातो, आणि पहिल्या पाण्याचा फेस बघितला की एका पिळण्यावर का थांबायचं नाही ते लक्षात येईल. शेवटचं पिळणं मनापासून करा, पंचात गुंडाळून पिळलं तरी चालेल.

आता स्पंज रिकामा झाला, आता त्याला चव पाजायची. एक मोठा चमचा सोया सॉस, एक चमचा आलं-लसूण, अर्धा चमचा लाल तिखट, एक चमचा व्हिनेगर, हे लावून २० मिनिटं ठेवा. मीठ घालू नका, सॉसमध्ये भरपूर असतं. कढईत टाकायच्या अगदी आधी दोन चमचे तांदळाचं पीठ भुरभुरा. कॉर्नफ्लोअरपेक्षा मला तांदळाचं पीठ बरं वाटतं, घरात असतंच आणि कुरकुरीतपणा जास्त वेळ टिकतो.

टोफू

टोफूत सगळ्यात जास्त फसगत होते कारण नाव एक आणि वस्तू तीन. सिल्कन म्हणजे दह्यासारखा, तो कढईत टाकला की खलास. नुसता फर्म लिहिलेला मधला. परतायला एक्स्ट्रा फर्मच हवा. पाकीट हातात घेऊन बोटाने दाबा, पनीरच्या वडीइतका कडक लागला पाहिजे. आमच्यासारख्या छोट्या गावात दुकानदार टोफू आणि पनीर एकाच खणात ठेवतो आणि दोन्हीला पनीरच म्हणतो, एकदा मला सोया पनीर म्हणून चक्क दुधाचं पनीर मिळालं आणि पुतणी त्या दिवशी वरण-भात खाऊन उठली, म्हणून पाकिटावरचे घटक स्वतः वाचा, सोयाबीन, पाणी आणि ते गोठवायला वापरलेला क्षार, कॅल्शियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम क्लोराइड, बस इतकंच असायला हवं.

घरी आणल्यावर कापडात गुंडाळून दोन ताटल्यांच्या मधे ठेवा आणि वर वजन ठेवा, मी वरवंटा ठेवते, अर्ध्या तासात वाटीभर पाणी सुटतं. याहून चांगली युक्ती म्हणजे आदल्या रात्री पाण्यातून काढून टोफू फ्रीजरमध्ये टाकायचा. आत बर्फाचे खडे होतात, ते वितळले की त्यांच्या जागी भोकं राहतात, आणि तोच गुळगुळीत टोफू स्पंजासारखा, चावायला घट्ट होतो. गोठवल्यावर पिवळट दिसतो, घाबरू नका, वितळला की परत पांढरा होतो. मग दोन हातांनी दाबून पिळा, हळू हं, सोयासारखा दम लावलात तर चुरा होईल. तुकडे इंचभराचे ठेवा. चार जणांना ४०० ग्रॅम.

उघडलेला टोफू उरला तर स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये, पाणी रोज बदलायचं, तीन-चार दिवसांत संपवायचा. आंबट वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागला तर टाकून द्या, पैशाकडे बघू नका.

फणसाची कुयरी

ही आपली घरची. जगात आता डबाबंद कच्चा फणस मांसाला पर्याय म्हणून विकला जातो आणि आपल्या परसात तो झाडाला लटकतोय, याचा मला खरंच अभिमान वाटतो. पण सगळा कच्चा फणस चालत नाही. आठळी धरायच्या आधीची, कोवळी कुयरी हवी, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये बाजारात येते ती. एकदा आठळीला कडक साल धरली की तो भाग परतल्यावर वेगळाच लागतो, धागे राहत नाहीत. कापा आहे की बरका याने कुयरीच्या वेळी फारसा फरक पडत नाही.

विळीला आणि हातांना खोबरेल चोपडून घ्या, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. काटेरी साल आणि मधला कडक दांडा काढा, मोठ्या फोडी करा, हळद-मीठ घालून कुकरला एक शिट्टी, फार तर दोन. बोटाने दाबली की धागे सुटले पाहिजेत पण फोड मोडता कामा नये. आता सगळ्यात महत्त्वाचं, निथळल्यावर हलक्या हाताने पिळून पंचावर अर्धा तास पसरून ठेवा. बहुतेकजण ही पायरी गाळतात आणि मग म्हणतात कुयरी गिचका होते.

श्रावणात ताजी कुयरी मिळत नाही. काही घरांत कच्चे गरे मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवतात, ते असतील तर तीन-चार तास साध्या पाण्यात ठेवून खार उतरवा आणि वापरा, धागे कमी असतात पण चव छान. डबाबंद आणणार असाल तर मिठाच्या पाण्यातला घ्या, साखरेच्या पाकातला नको.

नीरफणस पावसाळ्यात मिळतो आणि त्याचे काप मला जीव की प्राण आहेत, पण तो पिठूळ आहे, बटाट्याच्या जवळचा, त्याला मटणाच्या जागी बसवू नका. केळफुलाचंही तसंच, त्याची भाजी भाजी म्हणूनच करा.

मशरूम

बटण मशरूम आता तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात पण परतायला धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, कितीतरी सरस. हाताने उभे फाडायचे, चिकनसारखे धागे निघतात. मशरूममध्ये जवळजवळ ९० टक्के पाणी, म्हणून धुवायचं तर चटकन एका पाण्यातून काढून पुसायचं, भिजत ठेवायचं नाही. कोरड्या गरम कढईत तेल न घालता टाका, आधी पाणी सुटेल, ते आटेपर्यंत हात लावू नका, मग तेल. पाव किलो मशरूम परतल्यावर मूठभर होतात, तेव्हा चार जणांना अर्धा किलो तरी घ्या.

आणि रानातली अळंबी. पहिल्या पावसानंतर बाजारात बसणाऱ्या बायकांकडून, ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या ओळख आहे त्यांच्याकडून घेतलेलीच आमच्या घरात शिजते. स्वतः रानात जाऊन अंदाजाने तोडू नका, फोटो बघून तर मुळीच नको, विषारी अळंबी शिजवूनही विषारीच राहते.

ग्लूटेन आणि फ्रोझन पाकिटं

चावायला मांसाच्या सगळ्यात जवळ काय जातं असं विचाराल तर गव्हाचं ग्लूटेन, ज्याला सीतान म्हणतात. घाटावर कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात ना, तिथे चीक ठेवतात आणि चोथा टाकतात, इथे पांढरं पाणी जाऊ द्यायचं आणि जो रबरासारखा गोळा उरतो तो ठेवायचा. अर्धा किलो मैदा घट्ट मळून तासभर पाण्यात बुडवून ठेवा, मग पाण्यातच चोळत राहा, चार-पाच पाणी बदलली की सवाशे-दीडशे ग्रॅम गोळा हातात येतो. त्याला मीठ-मिरपूड लावून अर्धा तास वाफवा, गार करा, फाडा. मेहनत आहे, हात दुखतात, पण सणाला एकदा करून बघाच. ज्यांना गव्हाचा त्रास आहे, सिलिअ‍ॅक आहे, त्यांना हे चुकूनही देऊ नका, आणि नेहमीच्या सोया सॉसमध्येही गहू असतो हेही लक्षात ठेवा.

टेंपे म्हणजे इंडोनेशियातलं, अख्खं सोयाबीन बुरशीने आंबवून घट्ट वडी केलेलं. आमच्याकडे मिळत नाही, मुंबईहून कुणी आणलं तरच. मिळालं तर १० मिनिटं वाफवून पातळ काप परता, कडवटपणा कमी होतो.

फ्रोझन पाकिटांतल्या व्हेज चिकनबद्दल माझं मत सावध आहे. चव चांगली असते, पण आपल्या भागात पावसाळ्यात लाइट तासन्‌तास जाते आणि दुकानातला फ्रीजर वितळून परत गोठलेला असू शकतो. पाकीट हलवून बघा, तुकडे सुटे वाजले पाहिजेत, एकच ढेकूळ झाला असेल किंवा आत बर्फाचा थर असेल तर ठेवून द्या. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, पण त्यात दूध असू शकतं. दूधही नको असेल तर व्हीगन चिन्ह शोधा, २०२२ च्या नियमांनंतर एफएसएसएआयचं वेगळं हिरवं चिन्ह आलंय, इंग्रजी व्ही अक्षर असलेलं. मीठाचा आकडाही वाचा, हे तुकडे आधीच खारट असतात, वर सॉस ओतलात तर खाववत नाही.

आता कढईत

लोखंडी कढई, मोठी. तेल शेंगदाण्याचं रिफाइंड. घाण्याचं खोबरेल मला फार प्रिय आहे पण ते १७५ डिग्रीच्या आसपास धुरायला लागतं, या आचेला ते चालत नाही, हवंच असेल तर गॅस बंद केल्यावर वरून चमचाभर घाला, वास घरभर जातो. सगळं कापून, सॉस वाटीत कालवून शेगडीजवळ मांडल्याशिवाय गॅस पेटवू नका, कारण एकदा सुरू झालं की पाच-सहा मिनिटांचा खेळ आहे, मधे कांदा चिरायला वेळ नसतो.

कढई कोरडी तापवा, पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत पळाला पाहिजे. दोन मोठे चमचे तेल, आणि अर्धेच तुकडे टाका. अर्धेच! घरच्या शेगडीची आच गाडीवाल्याच्या भट्टीइतकी नसते, सगळं एकदम टाकलं की कढई गार पडते आणि पाणी सुटतं. टाकल्यावर मिनिटभर ढवळायचं नाही, खालची बाजू धरू दे, मग परता. दोन्ही घाणे बाजूला ताटात काढा. टोफू असेल तर उलथन्याने, चमच्याने नको.

मग थोडं तेल, ठेचलेली लसूण, आलं, उभी चिरलेली मिरची, अर्ध्या मिनिटात कांद्याच्या पाकळ्या, मग गाजर नाहीतर चवळीच्या शेंगा, मग सिमला मिरची, शेवटी कोबी. कडक आधी, मऊ नंतर. शिराळं, पडवळ, दुधी असल्या पाणीदार भाज्या इथे नकोत. भाज्या करकरीत असतानाच ताटातले तुकडे परत घाला, वाटीतला सॉस कडेने ओता, म्हणजे एक मोठा चमचा सोया सॉस, चमचाभर चिली सॉस, अर्धा चमचा गूळ आणि दोन मोठे चमचे पाण्यात कालवलेलं एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर. अर्ध्या मिनिटात सगळ्याला चकाकी येते, गॅस बंद. ऑयस्टर सॉस शाकाहारी नसतो, कालवांपासून करतात, त्याच्याऐवजी मशरूम सॉस मिळतो तो घ्या.

व्हिनेगरच्या जागी मी आता शेवटी चमचाभर कोकमाचं आगळ घालते, आणि बांगड्याला घालतो ती तिरफळं. चीनमधली सिच्युआन मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली, जिभेला तीच झिणझिणी, आणि गाडीवरच्या शेजवान चटणीत बहुतेक वेळा ती मिरी नसतेच. चार-पाच तिरफळांतल्या काळ्या बिया काढून टाका, टरफल कोरडं भाजून जाडसर कुटा आणि गॅस बंद करताना भुरभुरा. तिरफळ घातलेली धिंगरी पहिल्यांदा केली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मटाण न्हय, पण बरा लागता गो," आणि परत वाढून घेतलं. मासे नसलेल्या दिवसांत जिभेला जे हवं असतं ते बरंचसं तिरफळात आणि आगळात असतं, हे मला तेव्हा कळलं.

तब्येतीचं थोडं सांगते. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं, सोयामुळे ती गोळी नीट शोषली जात नाही, किती अंतर ते डॉक्टरांना विचारा. सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर टोफू, टेंपे आणि सोया सॉस तिन्ही बंद. आणि जे मासे-मटण-दूध कायमचं सोडतायत त्यांनी बी-१२ ची तपासणी करून घ्या, ते यातल्या कुठल्याच वस्तूतून भरवशाने मिळत नाही, माझ्या पुतणीचंही कमी निघालं होतं आणि आता ती गोळी घेते.

पाहुणे येणार असतील तर सोया भिजवून, पिळून, मसाला लावून आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवता येतं, दोन दिवस छान राहतं, तांदळाचं पीठ मात्र परतायच्या वेळीच. परतून झालेलं उरलं तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, मऊ पडतं, सकाळी लोखंडी तव्यावर तेलाशिवाय दोन मिनिटं मोठ्या आचेवर फिरवा आणि गरम तांदळाच्या भाकरीबरोबर घ्या.